दोन सीटांची गाडी आणि विल्फ हेलिवेल

विल्फ हेलिवेलबद्दल माझ्यासमोर कुणी वाकडं बोलायचं नाही. तो हक्क फक्त माझा. तीस वर्षं आम्ही थॉर्नशॉ गावच्या एकाच चढावर समोरासमोर राहिलो, आणि त्यातली चार वर्षं मी त्याला साधं ‘काय, कसं काय’सुद्धा विचारलं नव्हतं.

भांडण गाडीवरून झालं. माझा नवरा डग्लस गालिच्यांच्या गिरणीत माग जुळवायचा, आणि घरी आला की गॅरेजात गाडी जुळवायचा. या खोक्यांतून येणाऱ्या गाड्यांचं आमच्याकडच्या पुरुषांना भारी वेड. कारखाना नुसता लोखंडी सांगाडा आणि फायबरचं अंग पाठवून देतो. इंजिन, चाकं, गिअर हे सगळं मोडीतल्या एखाद्या गाडीतून काढून आणायचं, आणि मग शनिवार-रविवार त्यात डोकं घालून बसायचं. डग्लस सात वर्षं बसला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे पोरांचं कस्टर्ड ढवळून घरी यायची, तर माझ्या सिंकमध्ये कसलेतरी दातेरी तुकडे रॉकेलात भिजत पडलेले असायचे. मी आदळआपट करायची, तो म्हणायचा, ‘बेरिल, एवढंच, हे शेवटचं.’ सात वर्षं ते शेवटचंच चाललं होतं.

मग एकदाची जून महिन्यात, गावच्या जत्रेच्या दिवशी, त्यानं ती बाहेर काढली. हिरवीगार, बुटकी, दोन सीटांची, वर कापडी टप. डग्लसनं टाय लावला होता. मला शेजारी बसवलं आणि मैदानाच्या फाटकातून आम्ही थाटात आत शिरलो, तोच आभाळ फाटलं. टपाच्या शिवणीशिवणीतून पाणी माझ्या मांडीवर. पायाशी घोटाभर तळं साचलं. बॅण्डवाले आपापली वाद्यं झाकायला थांबले होते, त्यामुळे मैदानात अगदी सामसूम होती, आणि त्यात चहाच्या तंबूतून विल्फचा आवाज आला, ‘डग्लस, बूच काढ रे! टब भरला तुझा!’

सगळं मैदान हसलं. पाद्रीबाबासुद्धा हसले, मी पाहिलं. डग्लसनं गाडी तशीच वळवली, घरी आणली, टायनं सीट पुसली आणि त्या दिवसापासून विल्फशी बोलणं बंद केलं. मग मीही बंद केलं. नवऱ्याशी माझं रोज वाजायचं, पण दुसऱ्यानं त्याला हसावं हे मला खपत नाही. गाडी त्यानंतर वर्षातून सहा-सात कोरड्या रविवारी निघायची, तेवढीच.

विल्फ म्हणजे कोण, तर आमच्या दगडखाणीच्या लॉऱ्यांचा मिस्त्री. एक्केचाळीस वर्षं तो त्या लॉऱ्यांखाली झोपून काम करत होता. अंगानं आडवा, डोक्यावर बाराही महिने टोपी, आणि जिभेला हाड नाही. कुठलंही यंत्र पुढ्यात आलं की आधी उलटी बादली घेऊन त्यावर बसायचा, एक मगभर चहा संपेपर्यंत नुसतं बघायचा, हात लावायचा नाही. खाणीचा साहेब म्हणे एकदा ओरडला होता, ‘हेलिवेल, पगार बघायचा देतो का मी तुला?’ विल्फ म्हणाला, ‘बघायचाच देता. हात लावतो तो फुकट.’ हे मी त्याच्या तोंडूनच ऐकलंय, तेव्हा खरं किती ते देव जाणे. त्याची बायको एथेल जाऊन वीस वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. सेवानिवृत्त झाल्यापासून तो खिडकीत बसून गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकायचा आणि दुकानात भेटले की त्यांना त्यांच्या गाडीचं काय बिघडलंय ते न विचारता सांगायचा.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात डग्लसला अर्धांगाचा झटका आला. आमची नेहमीची छोटी गाडी चालवत होता, ती पुलाच्या कठड्यावर गेली. गाडी गेली, माणूस वाचला. पण उजवा हात, उजवा पाय लुळा, आणि बोलणं साफ बंद. सगळं कळतंय हे डोळ्यांत दिसायचं, तोंडातून एक अक्षर नाही. बासष्ट वर्षांचा माणूस माझ्याकडे बघायचा, ओठ हलवायचा, आणि काही येत नाही म्हटल्यावर मान वळवून घ्यायचा. ते बघवत नव्हतं मला.

तीन आठवड्यांनी त्याला आमच्या गावामागच्या उंच, उघड्या माळापलीकडच्या गावी हलवलं, अशा रोग्यांना उठायला-बोलायला शिकवतात त्या ठिकाणी. तिथल्या मुख्य नर्सबाई स्वच्छ बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मिसेस क्रॅबट्री, आम्ही सकाळी शिकवतो. पण दुपारी दोन ते चार घरच्या माणसानं रोज बसून घोकून घेतलं तरच ते टिकतं. जानेवारीअखेर आम्ही सगळे बसून ठरवू. प्रगती असली तर घरी. नसली तर कायमची सोय बघावी लागेल.’

कायमची सोय म्हणजे म्हाताऱ्यांचं निवासस्थान, आणि तेही तिथून आणखी पलीकडे. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन बसस्टॉपवर रडले. कारण माळावरून रस्ता एकोणीस मैलांचा, पण बस माळावरून जातच नाही. खालच्या दरीला वळसा घालून, तीन बस बदलून, दोन तास चाळीस मिनिटं. माझं काम दीडला सुटायचं. बसनं गेले तर मी पोचायची ती तिथं दार लावताना. काम सोडावं तर घर कशावर चालवायचं? म्हणजे शनिवार-रविवार सोडून डग्लसजवळ बसायला कुणी नाही, आणि त्याची जीभ अशीच राहणार.

हे मी दुकानात पाव घेताना कुणालातरी सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात विल्फ. हातात हत्यारांची पेटी, टोपी डोळ्यांपर्यंत.

‘गॅरेजची किल्ली दे,’ तो म्हणाला.

‘कशाला?’

‘बघायला.’

चार वर्षांनी हे पहिलं बोलणं. मला खरं तर दार त्याच्या नाकावर आपटायचं होतं. मी किल्ली दिली.

तो बादली उलटी घालून बसला. मी चहा नेऊन दिला, कारण भांडण असलं तरी चहा न देण्याइतकी मी खालच्या थराला गेलेली नाही. चहा संपल्यावर तो म्हणाला, ‘इंजिन झकास आहे. बसवलंय नीट. तुझ्या नवऱ्याचा हात चांगला आहे, पोरी. पण ही गाडी उन्हात मिरवायची. हिवाळ्यात रोज माळ ओलांडायचा म्हणजे हिला हीटर पाहिजे, बाजूच्या काचा पाहिजेत, टप नव्यानं बसवायला पाहिजे, वायपर दुप्पट पाहिजे, मागं धुक्याचा दिवा पाहिजे. खालून गंज लागू नये म्हणून रंग पाहिजे.’

‘मग कर ना.’

‘हीटरला इंजिन आणि सीटांच्या मधल्या भिंतीत भोक पाडावं लागेल. इंजिनातलं गरम पाणी आत आणायला.’

‘मग पाड.’

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी चर्चमध्ये शिवी दिली होती. ‘त्यानं जोडलेली गाडी आहे. दुसऱ्यानं हातानं जोडलेल्या गाडीला त्याला विचारल्याशिवाय भोक पाडायचं? कारखान्यातून आलेली असती तर पाडलं असतं, कुणाला विचारलंही नसतं. ही नाही.’

‘विल्फ, तो बोलत नाही रे. विचारणार कसं?’

‘विचारायचं माझं काम. बोलायचं त्याचं,’ असं म्हणून तो पेटी उचलून चालू लागला.

शनिवारी आम्ही दोघं तीन बस बदलून गेलो. तिसऱ्या बसमधून ती इमारत दिसायला लागली तेव्हा विल्फ खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘एथेल इथंच होती. तेव्हा हे नुसतं इस्पितळ होतं. अकरा आठवडे. खाणीत रविवारचीच सुट्टी. मी रविवारी यायचो.’ मग टोपी खाली ओढून म्हणाला, ‘अकरा रविवार. ती गेली मंगळवारी.’ मी पिशवीतला आल्याच्या केकचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला, आणि त्यानं तो खाल्ला.

डग्लसनं त्याला पाहिलं मात्र, तोंड भिंतीकडे फिरवलं. विल्फ खुर्ची ओढून त्याच्या पाठीशीच बोलू लागला. ‘हे बघ, तुला माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस. माझं तोंड बघायला मलाही आवडत नाही. जत्रेत मी जे बोललो ते बोललो. टप गळतच होता. पण तेवढ्या लोकांपुढं बोलायला नको होतं. आता कामाचं ऐक. तुझ्या बायकोला रोज इथं यायचंय. तुझ्या गाडीत हीटर बसवायचाय. भिंतीत भोक पाडू का?’

पांघरुणातून डग्लसचा डावा हात वर आला. दोन बोटं ताठ, हाताची मागची बाजू विल्फच्या तोंडासमोर. आमच्याकडे याचा अर्थ काय होतो ते मी लिहिणार नाही, शाळेच्या स्वयंपाकघरात मला अजून तोंड दाखवायचंय.

विल्फ शांतपणे म्हणाला, ‘दोन? बरोबर. मीही दोनच म्हणत होतो. एक पाणी यायला, एक जायला.’ आणि त्यानं टोपी नीट केली.

डग्लसची पाठ हलली. हसला की रागावला, मला कळलं नाही. पण परत जाताना मी मागे वळून पाहिलं तर तो भिंतीकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता.

त्यानंतरचे सहा आठवडे विल्फ आमच्या गॅरेजात राहिला म्हटलं तरी चालेल. भिंतीवर खडूनं कामांची यादी, आणि झालेलं काम अंगठ्यानं पुसायचं. भंगारातल्या एका टपालगाडीचा हीटर काढून आणला. जाड पारदर्शक प्लॅस्टिक कापून सरकत्या काचा केल्या. टपाची प्रत्येक शिवण मेण लावून दुहेरी शिवली, आणि ती शिवत होता माझ्या शिलाईमशिनवर! तेलकट हातांनी! मी म्हटलं, ‘विल्फ, त्या मशिनवर मी माझ्या भाचीचा लग्नाचा झगा शिवलाय.’ तो म्हणाला, ‘मग त्यालाही पाणी लागणार नाही.’ बागेतला नळ लावून मी आत बसायचं आणि कुठं थेंब पडतो ते ओरडून सांगायचं, असा आमचा कार्यक्रम चालायचा. शेवटी एका रविवारी अर्धा तास पाणी सोडलं आणि मी कोरडी बाहेर आले. भिंतीवरचा ‘टप’ हा शब्द विल्फनं अंगठ्यानं पुसला नाही, ओल्या फडक्यानं धुवून काढला.

आणि इथंच त्यानं घोळ घातला. मागचे दिवे नवे बसवताना त्याला दिसलं की डग्लसनं प्रत्येक दिव्यापासून एक जास्तीची काळी वायर ओढून पार खालच्या सांगाड्यापर्यंत नेली आहे. विल्फ मोठ्यानं हसला. ‘एका बल्बला दोन-दोन वायरी! तुझ्या नवऱ्यानं गाडी जोडलीय की गालिचा विणलाय?’ आणि त्यानं त्या सगळ्या काळ्या वायरी उपटून टाकल्या आणि दिवे सरळ अंगावर स्क्रूनं आवळले, एक्केचाळीस वर्षं लॉऱ्यांवर आवळले तसे.

गाडी तपासणीला नेली. आमच्याकडे दरवर्षीचा तपासणीचा दाखला असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तपासनीस बेअरस्टो गावातलाच, तोंडानं गोड आणि कामात कसाई. ब्रेक, चाकं, स्टिअरिंग सगळं पास. मग तो मागं उभा राहिला आणि म्हणाला, ‘ब्रेक दाब.’ मी दाबला. ‘आता डावा इंडिकेटर.’ मी दिला. बेअरस्टो टोपीखाली डोकं खाजवायला लागला. ‘बेरिल, तू ब्रेक दाबलास तर इंडिकेटर मंद पेटतोय, आणि इंडिकेटर दिलास तर ब्रेकचा दिवा डोळे मिचकावतोय. हे काय ख्रिसमसचं झाड आहे का?’ नापास.

विल्फचा चेहरा मी तेव्हा पाहिला. रागावला नाही, लाजला. मग नऊ दिवस त्यानं सगळं केलं. बल्ब बदलले, फ्यूज बदलले, बटणं बदलली, बॅटरी बदलली. बादलीवर बसून किती मग चहा झाला त्याची गणती नाही. खायला दिलेलं तसंच परत यायचं. नोव्हेंबर संपत आला होता, आणि डग्लसजवळ मी अजून शनिवार-रविवारचीच जात होते. एका शुक्रवारी नर्सबाईंचा फोन आला, ‘ते प्रयत्नच करत नाहीत, मिसेस क्रॅबट्री.’ फोन ठेवला आणि गॅरेजात जाऊन मी विल्फवर ओरडले. ‘तुझ्यानं होत नसेल तर सांग! माझ्या नवऱ्याला ते कायमचे कोंडणार आहेत आणि तू इथं चहा पीत बसलायस!’

तो उठला, हात पुसले, म्हणाला, ‘उद्या शनिवार ना? मी येतो.’

पुन्हा तीन बस. डग्लस उशीला टेकून बसला होता. या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही, नुसता बघत राहिला. विल्फनं खिशातून कागद काढला, गाडीची मागची बाजू काढलेली, आणि पलंगावर ठेवला. त्याचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

‘मला सापडत नाही, डग्लस. नऊ दिवस झाले. सगळं करून पाहिलं. तुझे दिवे नीट चालत होते, मी हात लावला आणि बिघडले.’ मग घसा खाकरून, ‘तुझ्या त्या काळ्या वायरी होत्या ना. त्या मी काढल्या. जास्तीच्या वाटल्या.’

डग्लसनं कागद बघितला. विल्फकडे बघितलं. पुन्हा कागद. आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, म्हटलं दुसरा झटका आला. मी घंटेकडे हात नेला, तर त्याच्या डोळ्यांतून पाणी, तोंड वाकडं, आणि तो हसत होता! वाकड्या तोंडानं, आवाज न करता, सबंध पलंग हलवत हसत होता. आणि त्या हसण्यातून, अगदी घशाच्या तळापासून, स्वच्छ, ठणठणीत शब्द आला.

‘गाढव!’

दोन महिन्यांनी पहिला शब्द. आणि तो मला नाही, विल्फला! खोटं कशाला बोलू, एक क्षण माझ्या काळजात कळ उठली. मी त्याचे पाय चोळले, दाढी केली, त्याला घास भरवले, आणि शब्द गेला या टोपीवाल्याला. पण पुढच्याच क्षणी मी त्या दोघांच्या गळ्यात पडून रडत होते, आणि नर्सबाई धावत आल्या होत्या.

डग्लसनं डाव्या हातानं पेन्सिल मागितली. वाकडीतिकडी रेघ काढली, दिव्यापासून खालच्या सांगाड्यापर्यंत. मग गाडीच्या अंगावर बोट ठेवलं, आणि ते बोट पलंगाशेजारच्या प्लॅस्टिकच्या पेल्यावर टक्टक् वाजवलं.

विल्फनं कपाळावर हात मारून घेतला. ‘फायबर! अरे देवा, फायबर! आयुष्यभर लोखंड, दिवा अंगावर आवळला की झालं, करंट अंगातूनच बॅटरीकडे परत जातो. आणि ही बया प्लॅस्टिकची! हिच्या अंगातून जाणार काय, कपाळ? जो तो बल्ब परतीची वाट शोधत शेजाऱ्याच्या घरात शिरतोय!’

‘गाढव,’ डग्लस पुन्हा म्हणाला. सापडलेला शब्द तो हातचा सोडेना.

‘म्हण, म्हण,’ विल्फ म्हणाला. ‘शंभर वेळा म्हण. बोलायला शिकवणाऱ्या त्या बाईंना सांग, मी मुद्दाम गाढव झालो. नाही, खोटं नको सांगूस. खराच झालो.’

सोमवारी बेअरस्टोनं दाखला दिला. मंगळवारपासून दीड वाजता कस्टर्डचं पातेलं हाताखालच्या मुलींच्या हवाली करून मी निघायची आणि दोनला पाच कमी असताना डग्लसच्या पलंगाशी असायची. माळावर बर्फ भुरभुरायचा, वारा गाडीला ढकलायचा, आणि पायाशी टपालगाडीच्या हीटरची ऊब. एक दिवस चुकला नाही. ख्रिसमसच्या दिवशीसुद्धा नाही, तेव्हा विल्फ शेजारी बसून आला होता, मांडीवर ‘पोर्क पाय’ची, म्हणजे डुकराचं मांस भरून भाजलेल्या पेस्ट्रीची, ताटली घेऊन. मी प्रार्थनेला फारशी बसणारी बाई नाही. पण त्या माळावर, वायपर दोन्ही बाजूंनी काच पुसत असताना, मी मोठ्यानं म्हणायची, ‘देवा, त्या माणसाला सुखी ठेव.’ कुठल्या माणसाला ते देवाला कळत असेल.

विल्फ रोज माझ्याबरोबर एक प्रश्न पाठवायचा. ‘विचार त्याला, मागच्या आसाला कुठलं तेल घालत होता?’ आणि डग्लसला उत्तर तोंडानं द्यायचं. फळं, फुलं, प्राण्यांची चित्रं दाखवली तर तो गप्प. पण विल्फनं चुकीचं तेल घालायला काढलंय असं मी सांगितलं की शब्द फुटायचे. ‘नाही’ आलं. ‘जाड’ आलं. ‘थांब’ आलं. मग ‘बेरिल’ आलं, जानेवारीच्या चौथ्या दिवशी, ते मी तारखेसकट लक्षात ठेवलंय.

जानेवारीअखेर ते सगळे बसले आणि ठरवलं, घरी.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्याला आणायला मी आणि विल्फ गेलो. विल्फनं आदल्या आठवड्यात डाव्या बाजूची सीट रुळावर बसवली होती, मागं सरकणारी, म्हणजे लुळा पाय आत वळवता यावा. तिथले लोक उचलायला आले तर त्यांना हात लावू देईना. ‘बाजूला व्हा. ही सीट कशी सरकते ते तुम्हाला काय माहीत?’ त्यानं डग्लसला काखेतून धरून आत बसवलं, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवला, पट्टा बांधला, गुडघ्यांवर घोंगडी टाकली. मी स्टिअरिंगवर बसले. दार लागलं. आणि तेव्हा, खरंच तेव्हाच, माझ्या डोक्यात आलं की गाडीला सीटा दोन आहेत.

‘विल्फ! अरे, तू?’

‘मी काय? बस आहे ना. तीन आहेत.’

‘पण घरी गेल्यावर याला बाहेर कोण काढणार?’

‘शेजारच्यांना हाक मार. बेअरस्टोचा भाऊ घरी असतो, दांडगा आहे. कसं काढायचं ते मी सांगून ठेवलंय त्याला. निघा आता, माळावर धुकं उतरायच्या आत.’ त्यानं टपावर थाप मारली आणि बसस्टॉपच्या दिशेनं चालू लागला.

एक वाजता आम्ही आमच्या दारात पोचलो. बेअरस्टोचा भाऊ बाह्या सरसावून तयारच होता. गल्लीतल्या बायका दारात. त्यानं दार उघडलं, वाकला, आणि डग्लसनं डाव्या हातानं दाराचा पट्टा घट्ट धरला.

‘नाही.’

‘अहो डग्लस, घर आलं.’

‘नाही. विल्फ.’

‘विल्फ यायला अजून सव्वादोन तास आहेत रे!’ मी म्हटलं. ‘इथं बसून राहणार का? थंडीत? स्वतःच्या दारात?’

‘विल्फ,’ तो म्हणाला, आणि दार ओढून घेतलं.

मी चिडले, पाया पडले, पुन्हा चिडले. मग घरात जाऊन चहा केला, ‘पोर्क पाय’चे तुकडे केले आणि येऊन त्याच्या शेजारी बसले. दर वीस मिनिटांनी इंजिन सुरू करून हीटर लावायचा, काचा पुसायच्या, चहा द्यायचा. गल्लीतली माणसं येऊन सरकत्या काचेतून हात मिळवून जात होती. पाद्रीबाबा येऊन गेले. त्यांना काय वाटलं असेल ते वाटो. सप्टेंबरपासून मला घरी यायचं होतं माझ्या माणसाला घेऊन, आणि दारापासून सहा पावलांवर मी बसून होते, आणि काय सांगू, मला कुठंही जायची घाई नव्हती.

चार वाजायला आले, उजेड उतरायला लागला, तेव्हा चढाच्या खालच्या टोकाला टोपी दिसली. थांबत थांबत, गुडघ्यावर हात ठेवत वर येत होता. गाडी रस्त्यात उभी आणि आम्ही दोघं आत पाहून त्याची चाल वाढली, चेहरा उतरला.

‘काय झालं? सीट अडकली का? तरी मी म्हणत होतो, तो डावा रूळ...’

डग्लसनं काच सरकवली. ओठ जुळवले. वेळ लागला, पण आम्ही दोघंही मध्ये बोललो नाही.

‘उशीर... केलास,’ तो म्हणाला.

विल्फनं टोपी काढली, तिनं तोंड पुसलं, पुन्हा घातली. मग दार उघडून सीट मागं सरकवली, वाकून डग्लसच्या काखेत हात घातले आणि म्हणाला, ‘चल. भार माझ्यावर टाक.’